सहा बुचं

बॅटरीचं काम करणारा माणूस कपड्यांवरून ओळखता येतो. अॅसिडचा थेंब उडतो तेव्हा कपड्यावर काहीच दिसत नाही. कपडा धुवायला टाकला, दगडावर आपटला, की त्या जागी भोक पडतं. माझ्या आईने माझ्या पँटींना इतकी ठिगळं लावली की मूळ कापड कोणतं ते तिलाही सांगता आलं नसतं. चूक झाली ते त्या वेळी कळत नाही, धुताना कळतं. या धंद्यात मी जे काही शिकलो त्यातलं बरंचसं असंच उशिरा कळलेलं आहे.

मी बोईसरला दामूशेठच्या बॅटरीच्या दुकानात लागलो तेव्हा वीस वर्षांचा होतो. दुकान म्हणजे पत्र्याची शेड, चार्जिंगचं एक घरघरणारं यंत्र आणि लाकडी फळ्यांवर ओळीने मांडलेल्या बॅटऱ्या. तारापूरच्या कारखान्यांच्या जीपा, टेंपो, ठेकेदारांचे ट्रक, पालघरहून येणारी डॉक्टर-वकिलांची मोटार, अशी आमची गिऱ्हाइकं. समुद्र जवळ, त्यामुळे वाऱ्यात मीठ. कारखाने त्याहून जवळ, त्यामुळे वाऱ्यात आणखी काय काय. आमच्या भागात लोखंड लवकर म्हातारं होतं.

ज्यांनी कधी बॉनेट उघडून पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडीच्या बॅटरीत सहा घरं असतात. प्रत्येक घरात शिशाच्या पट्ट्या आणि पाणी घालून सौम्य केलेलं अॅसिड. प्रत्येक घराला वरून एक बूच, बुचाला बारीक भोक. बॅटरी चार्ज होताना त्या भोकातून अॅसिडचा तुषार बाहेर येतो. तो तारांच्या टोकांवर, म्हणजे टर्मिनलवर बसतो आणि तिथे पांढरं, हिरवट, कधी मोरपंखी निळं पीठ फुलतं. बघायला सुंदर असतं, पण ते पीठ वीज अडवतं. बॅटरी भरलेली, स्टार्टरची मोटर धडधाकट, आणि तरी चावी फिरवल्यावर नुसतं ‘टक्’ होतं. लोकांना वाटतं, हा मळ धुळीसारखा बाहेरून येतो. तसं नाही. खारा वारा त्याला हातभार लावतो, पण सुरुवात आतूनच होते.

तो काढायची रीत सोपी आहे. गाडी बंद करायची. बॉडीला जोडलेली तार आधी सोडायची, आणि परत लावताना ती शेवटी लावायची. उलटं केलं तर पान्हा बॉडीला टेकून ठिणगी उडते. मग गरम पाण्यात खायचा सोडा विरघळवून टर्मिनलवर ओतायचा. तो फसफसतो. फेस थांबला की अॅसिड मेलं असं समजायचं. तारेच्या ब्रशने घासायचं, साध्या पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, क्लॅम्प आतून चकाकेपर्यंत खरवडायचा आणि घट्ट आवळायचा. शेवटी वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, म्हणजे पुढचा तुषार शिशापर्यंत पोचत नाही. आणि हे सगळं करण्याआधी सहाही बुचं घट्ट आहेत का ते पाहायचं, त्यांच्यावर ओलं फडकं ठेवायचं. कारण सोडा बाहेरच्या अॅसिडला मारतो तसाच आतल्यालाही मारतो. हा लेख मी या शेवटच्या वाक्यासाठी लिहितो आहे.

गिऱ्हाइकांचे स्वतःचे उपाय असत. पालघरचे एक निवृत्त मास्तर आधी जेली माखून मग क्लॅम्प आवळायचे आणि गाडी ढकलत आणून मला म्हणायचे, “टर्मिनल बघ, आरशासारखी आहेत!” आरशासारखी होती, पण मधल्या जेलीतून वीज जाणार कशी? घिवलीचे एक गृहस्थ, ज्यांच्या घरी होडी होती, ते होडीच्या फळ्यांना लावायचं मुशीचं, म्हणजे शार्क माशाचं, तेल टर्मिनलला लावत. मळ धरत नसे हे खरं. पण त्यांच्या टेंपोच्या बॉनेटवर सकाळी चार-पाच मांजरं बसलेली असत आणि पाचव्या मांजरापाठोपाठ त्यांच्या सासूबाईंचा आवाज यायचा. शेवटी सासूबाईंनीच त्यांना आमच्याकडे पाठवलं.

दांडी गावचा हरीभाऊ तांडेल मात्र असल्या उपायांतला नव्हता. तो तारापूरच्या एका रसायन कारखान्यात जीपचा ड्रायव्हर होता. ती जीप साहेबांना स्टेशनवर सोडायची आणि कोणी भाजलं, पडलं तर दवाखान्यातही न्यायची. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. नारळाचा काथ्या आणि कढत पाणी घेऊन दर आठवड्याला तो स्वतः टर्मिनल घासायचा. मी एकदा म्हटलं, “हरीभाऊ, एवढं कशाला? कंपनीची तर गाडी.”

“कंपनीची गाडी हाय, पन मानूस कंपनीचा नसतो,” तो म्हणाला. “होडीचा दोर तपासल्याबिगर आमी दर्यात जात नाय. मग हिला कशाला सोडू?”

आता माझ्या वडिलांविषयी सांगितलं पाहिजे. अण्णा साताऱ्याकडून येऊन त्याच कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले होते आणि कामगार संघटनेचं काम करत. आमच्या खोलीत पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. मागण्यांची, निषेधाची, सभेची. गुलाबी, पिवळ्या कागदावर सायक्लोस्टाइल केलेली, बोटाला शाई लागणारी. मी अक्षरं त्यांवर गिरवली. जग दोन भागांत वाटलेलं आहे आणि आपण कोणत्या भागात आहोत, हे मला दहाव्या वर्षी पाठ होतं. पुढे अण्णांचं लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. कारखान्यात मी नव्हतो, पण कारखान्याची पत्रकं मी लिहायचो. माझं वाक्य गेटवर मोठ्याने वाचलं जायचं तेव्हा छाती भरून यायची.

मी ज्या वर्षाविषयी लिहितो आहे त्या वर्षी खंडेनवमीला सकाळपासून दुकानापुढे रांग होती. आमच्याकडे त्या दिवशी नांगरापासून लेथपर्यंत सगळ्याची पूजा होते, आणि बॉनेट उघडून बॅटरीलाही हळदकुंकू वाहतात. त्यामुळे प्रत्येकाला टर्मिनल चकचकीत हवी असतात. जी गाडी वर्षभर धुतली जात नाही तीही त्या दिवशी नवरीसारखी येते. दामूशेठ ओरडत होते, “हात चालव रे! दुपारी पूजा हाय, हार सुकले!”

हरीभाऊ जीप घेऊन आला. त्याला परत कारखान्यात पूजेसाठी पोचायचं होतं, आणि कंपनीनेच सगळ्या गाड्या आमच्याकडून साफ करून घ्या म्हटलं होतं. नाहीतर तो आलाच नसता. बॉनेट उघडून तो मला म्हणाला, “कडेची दोन बुचं सैल हायत. आटे गेलेत त्यांचे. नवीन मागितलीत, अजून आली नाय. दाबून धर धुताना.”

“हो हो,” मी म्हणालो.

तो समोर हार आणायला गेला. मी सोड्याचा तांब्या उचलला. त्या दोन बुचांच्या बाजूलाच मळ जास्त होता, म्हणून तिथेच जास्त ओतला. फेस आला. बाकीच्या ठिकाणचा थांबला, पण त्या दोन बुचांभोवतीचा थांबेना. मला वाटलं, किती दिवसांची घाण आहे ही! मी आणखी ओतला. शेवटी फेस थांबला. मी ब्रश मारला, धुतलं, पुसलं, जेली लावली. त्या दिवशीच्या सगळ्या बॅटऱ्यांत ती जास्त चकाकत होती. दामूशेठनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला ती दाखवली.

दसऱ्याला कारखाना बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जीप दम खात सुरू झाली. हरीभाऊला ते आवडलं नाही. संध्याकाळी बॅटरी दाखवून येतो असं त्याने दरवानाला सांगितलं होतं. पण दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधी, एका पाइपाचा जोड सुटला आणि रामदुलार नावाच्या उत्तरेकडच्या तरुण कामगाराच्या तोंडावर रसायन उडालं. खात्यातला नळ कोरडा होता. कॅन्टीनमधून बादल्यांनी पाणी आणून त्याचे डोळे धुतले. त्याला जीपमध्ये बसवलं. हरीभाऊने चावी फिरवली. नुसतं ‘टक्’. हँडल मारलं. आठ-दहा जणांनी ढकललं. ती पेट्रोलची जीप, बॅटरीच मेलेली, ठिणगी नीट पडेना. बाहेरच्या रस्त्यावरून एक टेंपो थांबवून रामदुलारला नेईपर्यंत अर्धा-पाऊण तास गेला.

संध्याकाळी अण्णा घरी आले ते हात-पाय न धुता बसले. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, “लिही.”

मी लिहिलं. ती आग आजही मला आठवते. ‘कामगाराच्या डोळ्यांपेक्षा ज्यांना जीपच्या बॅटरीचा खर्च मोठा वाटतो’ अशी सुरुवात होती. नळाविषयी मी एकच ओळ लिहिली. जीपविषयी अख्खा परिच्छेद, कारण जीप मला ठाऊक होती, बॅटरी मला ठाऊक होती, तिथे माझी लेखणी धावली. सकाळच्या पाळीला पत्रक गेटवर वाटलं गेलं.

दुपारी कंपनीची नोटीस लागली. बॅटरी वर्षभराचीही नाही. अपघाताच्या दोनच दिवस आधी बाहेरून साफ करून आणलेली आहे. ती बंद पडली याचा अर्थ ड्रायव्हरने निगा राखली नाही. हरिश्चंद्र तांडेल निलंबित, चार दिवसांनी चौकशी. मी जीपकडे बोट दाखवलं होतं. त्यांनी ते बोट तसंच धरून हरीभाऊकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या स्टोअरचा कारकून ती बॅटरी आमच्या दुकानात घेऊन आला. बरोबर पत्र होतं : तपासून लेखी अभिप्राय द्यावा. माझं अक्षर चांगलं म्हणून दुकानाचं लिखाण मीच करायचो.

मी हायड्रोमीटर घेतला. काचेची नळी असते, वर रबरी फुगा, आत तरंगता काटा. घरातलं अॅसिड नळीत ओढायचं. अॅसिडात दम असला तर काटा वर तरंगतो, नसला तर बुडतो. पहिलं घर चांगलं. दुसरं चांगलं. तिसरं, चौथं चांगलं. पाचव्यात काटा तळाला जाऊन बसला. सहाव्यातही.

निगा राखली नाही म्हणून बॅटरी जाते तेव्हा सहाही घरं कमी-जास्त थकतात. चार भरलेली आणि कडेची दोन मेलेली, असं होत नाही. मी पाचव्याचं बूच हातात घेतलं. ते फिरवावंही लागलं नाही, उचललं गेलं. त्याच्या आट्यांत पांढरा सोडा सुकून बसला होता.

थांबेना झालेला तो फेस मला आठवला.

दामूशेठ मागे उभे होते. त्यांनी बूच पाहिलं, मला पाहिलं. या धंद्यात ते माझ्या जन्माआधीपासून होते. त्यांना सांगावं लागलं नाही. ते हळू आवाजात म्हणाले, “लिव. निगा राखली नाय.”

“शेठ, हे माझ्या हातून झालंय.”

“तुझ्या हातून नाय, दुकानाच्या हातून झालंय. कंपनीच्या सगल्या गाड्या आपल्याकडं हायत. उद्या त्या गेल्या तर या फळ्यांवर काय मांडू, तुझी पत्रकं?”

“हरीभाऊची नोकरी जाईल.”

“त्याला दुसरी मिलेल. ड्रायव्हर मानूस हाय तो.”

मी लिहिलं नाही. बॅटरी तपासायला चौकशीपर्यंत वेळ लागेल असं सांगून कारकुनाला पाठवून दिलं आणि घरी गेलो. अण्णांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ते पेटून उठतील आणि मला कारखान्यात घेऊन जातील.

“पत्रक वाटून झालंय,” ते म्हणाले. “आता तू गेलास तर कंपनी म्हणंल, बघा, ह्यांचाच पोरगा चुकला आन् ह्यांनी आमच्यावर ढकललं. नळाचं कुणी काढणार न्हाई मग. त्या रामदुलारचा डोळा गेल्यात जमा हाय, त्याला कोण जबाबदार?”

“मग काय करू?”

“काही लिहू नको. हरीसाठी संघटना लढंल.”

“कशावर लढणार, अण्णा? त्याने मला सांगितलं होतं, बुचं सैल आहेत म्हणून. मी बोललो नाही तर त्याचं एकट्याचं कोण खरं मानणार?”

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला होता. अण्णांनी कोपऱ्यातल्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

“पत्रकाखाली कुणाचं नाव नसतं,” ते म्हणाले. “अभिप्रायाच्या चिठ्ठीखाली तुझं असंल. झेपंल?”

त्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. मी तेवढ्यावर उठलो.

चौकशीच्या दिवशी मी ती बॅटरी सायकलच्या कॅरियरला बांधून नेली. कारखान्याच्या ऑफिसात टेबलामागे व्यवस्थापक, बाजूला कारकून, समोर स्टुलावर हरीभाऊ धुतलेला सदरा घालून. मी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बॅटरी ठेवली, आणि एकेका घरात हायड्रोमीटर घालून काटा दाखवला. चार वर, दोन खाली. मग बुचांच्या आट्यांतला सोडा दाखवला.

“याचा अर्थ काय?” साहेबांनी विचारलं.

“धुताना सोड्याचं पाणी आत गेलं. ड्रायव्हरने सैल बुचांची सूचना दिली होती. नवीन बुचं त्याने तुमच्या स्टोअरकडे मागितली होती.”

“धुतली कोणी?”

“मी.”

हरीभाऊने मान वर केली. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. लिहून आणलेली चिठ्ठी पुढे केली. त्यात हे सगळं होतं, खाली माझं नाव होतं, आणि नावाच्या वर शेवटच्या दोन ओळी : अपघाताच्या वेळी खात्यातल्या नळाला पाणी नव्हतं, त्याचीही अशीच तपासणी व्हावी.

साहेबांनी वाचलं. “तुमचा विषय बॅटरी,” ते म्हणाले. “नळाचं तुम्हाला कोणी विचारलं?” त्यांनी खालच्या दोन ओळी आत जातील अशी चिठ्ठीला घडी घातली आणि वरचा भाग कारकुनाला उतरवून घ्यायला दिला. माणसाचं खरं आपल्याला हवं तेवढंच घ्यायचं आणि बाकीचं दुमडून ठेवायचं, ही विद्या मी त्या टेबलावर प्रत्यक्ष पाहिली. पण मी तरी काय वेगळं केलं होतं? पत्रकात नळाला एक ओळ आणि जीपला अख्खा परिच्छेद मीच दिला होता.

हरीभाऊला कामावर परत घेतलं. कंपनीने आमच्या दुकानाचं काम बंद केलं आणि दामूशेठनी मला. मी त्यांना दोष देत नाही. संघटनेतले काही जण महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मी दुसरं पत्रक लिहिलं : पहिल्या पत्रकातला जीपविषयीचा मजकूर चुकीचा होता, चूक माझी, नळाचा प्रश्न तसाच आहे. खाली माझं नाव घातलं. अण्णांनी ते स्वतः सायक्लोस्टाइल केलं आणि गेटवर एकट्याने उभं राहून वाटलं. त्यांनी माझ्यासाठी केलेल्या गोष्टींत मी ही सर्वांत वर ठेवतो. नळाला पुढे पाणी आलं. कशामुळे आलं ते मला ठाऊक नाही.

रामदुलारचा एक डोळा गेला. मी त्याच्या खोलीवर गेलो, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “नल में पानी नहीं था, भाई. आप बैटरी का मत सोचो.” डॉक्टरांनाही मी विचारलं होतं, लवकर पोचला असता तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. त्या ‘सांगता येत नाही’चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. रामदुलार पुढच्या वर्षी गावी गेला तो परत आला नाही.

आणि हरीभाऊ. त्या दिवशी गेटबाहेर तो माझ्यासाठी थांबला होता. मी सायकलला बॅटरी बांधत होतो. त्याने दोरीचं दुसरं टोक धरलं.

“मी सांगितलेलं तुला,” तो म्हणाला.

“हो.”

“मग?”

“घाई होती.”

त्याने गाठ मारली, ओढून पाहिली. “घाई त्या पोराला पन होती,” तो म्हणाला आणि एसटीच्या थांब्याकडे चालायला लागला.

दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढून मी पालघरला माझं छोटं दुकान टाकलं. तिथली पहिली खंडेनवमी होती. दुकानासमोर जीप थांबली. कंपनीने माझ्याकडे पाठवली नव्हती. हरीभाऊ आपणहून एवढ्या लांब आला होता. त्याने बॉनेट उघडलं. बुचं सहाही नवीन होती, घट्ट. तरी त्याने दोन्ही अंगठे कडेच्या दोन बुचांवर दाबून ठेवले.

“मोज,” तो म्हणाला.

मी एकेका बुचाला बोट लावून मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग तांब्या उचलला. सोड्याचं पाणी त्याच्या अंगठ्यांवरून वाहिलं. फेस आला आणि लगेच थांबला. आम्ही दोघेही तो थांबेपर्यंत बघत राहिलो.

तो दर खंडेनवमीला यायचा. कधी दोन शब्द बोलायचा, कधी तेही नाही. पण अंगठे ठेवायचा. त्याच्या नोकरीचं शेवटचं वर्ष आलं. त्याही वर्षी तो आला, बॉनेट उघडलं, माझ्याकडे चावी दिली, आणि समोरच्या हॉटेलच्या बाकावर जाऊन जीपकडे पाठ करून बसला. बशीत चहा ओतून सावकाश फुंकर मारत होता.

मी पहिल्या बुचावर बोट ठेवलं, आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मोजायला सुरुवात केली.